आखितीच्या केळ्या

तिसगावात राधाकृष्णाला कलावंत म्हणणारं कोणी नव्हतं. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत त्याच्या भांड्यांशेजारी ‘सिरॅमिक आर्टिस्ट’ अशी छापील चिठ्ठी लागायची. कडक इस्त्रीची माणसं हात मागे बांधून त्या भांड्यांभोवती फिरायची आणि एकमेकांना हळू आवाजात काहीबाही सांगायची. पण तिसगावच्या स्टँडवर एसटीतून उतरला की तो बन्सी कुंभाराचा पोरगा, तिकडं नागापूरला चिनी मातीचं कायतरी करणारा. टपरीवर हटकून कोणीतरी विचारायचं, “काय रं, लोनच्याच्या बरन्या करतो म्हनं तू?” तो म्हणायचा, “करतो की.” खरं सांगत बसलं तर चहा निवतो, हे त्याला अनुभवाने कळलं होतं.

बन्सीचा हा एकुलता एक. जन्मापासून चिखलात वाढलेला, पण चिखलाचा नाद लागायच्या आधी त्याला चिखलाची लाज वाटली होती. त्याला कारण लीद. माठाच्या मातीत गाढवाची लीद मिसळावी लागते; भाजताना ती जळून बारीक छिद्रं राहतात आणि माठ पाझरतो. ती लीद गोळा करायचं काम घरातल्या पोराचं. सकाळी टोपली भरून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, मग शाळेत जायचं. शाळेत शेजारी बसायला कोणी तयार नसायचं. एक उत्तम तेवढा बसायचा, बौद्धवाड्यातला. त्याच्याही शेजारी कोणी बसत नसे, म्हणून दोघांची गाठ पडली ती कायमची. राधाकृष्ण दहावी झाला त्या दिवशी त्याने आईला सांगितलं की आता टोपलीला हात लावणार नाही. आई हसली. बन्सीला वाटलं, पोरगं दमलंय, चार दिवसांनी लावेल. त्याने पुन्हा कधीच लावला नाही.

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत विजेच्या खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बनवणारा एक कारखाना होता. तिथे तो हेल्पर म्हणून लागला आणि दैवाची गंमत बघा, मातीपासून पळालेला माणूस मातीतच जाऊन पडला. फक्त ही माती पांढरी होती, पिठासारखी मऊ होती आणि तिला कसलाही वास नव्हता. तिच्यावर काच चढवायची, म्हणजे ग्लेझ द्यायचा आणि प्रचंड आगीत भाजायचं. भट्टीतून निघालेली वस्तू अशी काही झळझळायची की राधाकृष्ण पाळी संपली तरी तिथेच घुटमळायचा. पुढे सुपरवायझरचा डोळा चुकवून, आणि नंतर त्याच सुपरवायझरच्या कृपेने, तो स्वतःची लहान भांडी भट्टीच्या कोपऱ्यात सरकवू लागला.

त्याचं नाव झालं ते मात्र सासुरवाडीमुळे. बायको भारती श्रीगोंद्याकडची. तिचं माहेर साखर कारखान्याच्या अगदी अंगाला. गळीत हंगामात चिमणीतून उडालेली राख दारात वाळत घातलेल्या कुरडयांवर बसायची आणि सासूबाई कारखान्याच्या नावाने बोटं मोडायच्या. जावईबापूंनी ती राख चिमटीत धरली, चोळली, आणि पोत्यात भरून घरी आणली. जावयाचं डोकं फिरलं असं सासूबाईंनी आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. त्या राखेतून त्याने जो ग्लेझ केला त्याचा रंग पावसाळ्यातल्या तळ्यासारखा, हिरवट करडा, मध्येच निळी झाक मारणारा. नव्वद-ब्याण्णव सालापासून त्या रंगाच्या मोठाल्या रांजणांनी त्याला पुण्यात आणि मग मुंबईत नेलं. त्याने नोकरी सोडली, नागापुरातच एक शेड भाड्याने घेतली, गॅसची भट्टी लावली.

बन्सी ती शेड बघायला एकदाच आला. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवून तो एका रांजणासमोर कितीतरी वेळ बसला. मग म्हणाला, “लई देखनं हाय. ह्याच्यात ठेवायचं काय?”

“काय न्हाई आबा. नुसतं बघायचं.”

बन्सीने थोडा विचार केला. “मंग देवासारकंच,” असं म्हणून त्याने खरोखर हात जोडले. राधाकृष्णाला तेव्हा हसू आलं होतं. बाप गेल्यावर त्या हात जोडण्याची आठवण आली की मात्र त्याला रडू आवरत नसे.

बाप गेला पंच्याण्णवच्या श्रावणात. राधाकृष्ण तेव्हा मुंबईत होता, आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या प्रदर्शनात. निघताना बन्सीला ताप होता, खोकला होता, पण तो कोणाला नसतो? “जा तू, मी कुठं पळून चाललोय,” असं बन्सीच म्हणाला होता. शाळेतला उत्तम आता नागापुरातच राहायचा, लोक त्याला उत्तमराव म्हणायचे; निरोप द्यायला त्याने तिथून फोनवर फोन केले. नेमकी सुट्टी, प्रदर्शनाचं ऑफिस बंद, घंटी वाजून वाजून थांबायची. निरोप मिळून राधाकृष्ण तिसगावात पोचला तेव्हा ओढ्याकाठी राख सावडायचं चाललं होतं. अग्नी करंजी गावच्या चुलतभावाने, छगनने दिला होता; तोही कुंभारच. प्रेत किती वेळ ठेवणार, दुसरं करणार तरी काय? कोणी राधाकृष्णाला एका शब्दाने बोललं नाही. छगनने तर त्याच्या गळ्यात पडून, “दादा, तुझ्या वाटचं मी केलं रं,” असं म्हणून हंबरडा फोडला. त्या एका वाक्याचं कुसळ राधाकृष्णाच्या मनात घुसलं ते घुसलंच. तुझ्या वाटचं मी केलं.

आता आखितीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांना पाणी द्यायचं. त्यासाठी केळी लागते. केळी म्हणजे ओंजळीत मावेल अशी मातीची लहान घागर. गव्हाच्या राशीवर ती मांडायची, पाण्याने भरायची, आत वाळा टाकायचा, तोंडावर आंबा ठेवायचा. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं त्या घरची पहिली आखिती फार जड. तिसगावच्या बायकांची तर त्यात आणखी एक समजूत. केळी पाझरून तिचं पोट ओलं झालं, खालचे गहू दमट लागले, की गेलेलं माणूस येऊन पाणी प्यालं म्हणायचं. तोवर त्या घरची बाई घास घेत नाही. कुठल्या पोथीत हे सापडणार नाही. पण दिवसभर उपाशी बसलेल्या बाईच्या हाताला तो ओलावा लागतो तेव्हा तिला पोथी विचारायची गरज पडत नाही.

साऱ्या गावाच्या केळ्या बन्सी करायचा. बौद्धवाड्यात छपन्न सालानंतर केळ्या भरणं बंद झालं होतं, तिकडे त्याचे माठ जायचे. आता बन्सीच नव्हता. पाडव्याला छगन आला आणि म्हणाला, “काकी, औंदा तिसगावच्या केळ्या मी पाठवतो. टेम्पोत घालून आनतो, तुमी काळजी करू नका.”

मनकर्णाने, म्हणजे राधाकृष्णाच्या आईने, मान डोलावली. तिचा जीव भांड्यात पडला होता. राधाकृष्ण शेजारी बसला होता. तो म्हणाला, “नको. केळ्या मी करनार.”

“दादा, तुला कशाला ताप? तुझी कामं मोठाली,” छगन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. छगन साधा माणूस, पण राधाकृष्णाला ते झोंबलं.

छगन गेल्यावर आई म्हणाली, “करू दे की त्येला. भाऊच हाय तुझा.”

“अग्नी त्यानं दिला, आई. पानी तरी मला देऊ दे.”

तिने डोळ्यांना पदर लावला आणि तिला आनंदही झाला. पोरगं बापाच्या जागेवर बसणार होतं.

आणि तो बसला, हे खोटं नाही. हातातली सगळी कामं बाजूला सारून त्याने तिसगावच्या तळ्यातली माती नागापूरला नेली. पाण्यात कालवून, गाळून, फडक्यातून काढून ती लोण्यासारखी केली. आई नागापूरला येऊन राहिली. विजेच्या चाकावर भराभर उतरणाऱ्या केळ्या बघून ती तोंडाला पदर लावून बसायची. एकदा तिने विचारलं, “लीद न्हाई घातली?”

“लीद घातली की खळगे पडत्यात अंगावर. मी आच हलकी ठेवनार आई, पाझरंल बरोबर.”

“तुला ठावं,” ती म्हणाली.

त्याला खरंच ठाऊक होतं. पाझरायची तर काच चढवायची नाही, आच वाढवायची नाही, हे न कळण्याइतका तो अडाणी नव्हता. पण त्याच्या हाताला एक खोड लागली होती. उघडं, खरबरीत अंग त्याला बघवेना. तयार झालेली केळी समोर ठेवली की त्याला वाटायचं, ही आबांच्या हातात जाणार आहे, आणि अशी? मग त्याने त्याच मातीचं साईसारखं पातळ पाणी केलं, त्याचा हात प्रत्येक केळीवर दिला आणि गुळगुळीत गारगोटीने एकेक केळी घोटली. दिवसचे दिवस घोटत राहिला. त्या घोटण्यात त्याचं सगळं प्रेम होतं, सगळा पश्चात्ताप होता, आणि घोटता घोटता मातीची उरलीसुरली छिद्रंही बुजत होती. ते त्याच्या डोक्यात आलं नाही. प्रेमाने करताना माणूस हिशेब करत नाही, तसा त्यानेही केला नाही.

भट्टी उघडली तेव्हा एकही केळी तडकलेली नव्हती. बन्सीच्या आव्यातून, म्हणजे गोवऱ्यांच्या उघड्या भट्टीतून, निम्म्या काळवंडलेल्या निघायच्या; ह्या सगळ्या सारख्या लाल, डाळिंबासारख्या तुकतुकीत. राधाकृष्णाने सवयीने एक केळी उचलून नळाखाली धरली. आईने झटकन त्याचं मनगट पकडलं.

“काय करतो? कोरी केळी हाय ती.”

“एकीत भरून बघतो फक्त.”

“एका आव्यातल्या एकीला पानी लागलं की समद्या उष्ट्या. तुझ्या आबांनी जल्मात कधी केळीत पानी घालून बघितलं न्हाई. टिचकी मारायची, वाजली की झालं.”

त्याने टिचकी मारली. केळी खणखणीत वाजली. नळ त्याने बंद केला.

उत्तमरावाने ओळखीचा टेम्पो आणला आणि स्वतः मागे बसून, केळ्यांना पेंढ्याचे आधार देत त्या तिसगावला पोचवल्या. दारात बायकांची झुंबड उडाली. असलं रूप त्यांनी कधी बघितलं नव्हतं. म्हातारी कडूबाई सगळ्यात शेवटी आली. तिचा सचिन त्या हंगामात ऊसतोडीला गेला होता आणि ट्रॉली उलटून तिथेच संपला होता. जेमतेम मिसरूड फुटलेलं पोर. केळी तिने हातात घेतली, गालाला लावली, आणि म्हणाली, “आवडंल त्येला. त्येला चकाकतं लई आवडायचं.” राधाकृष्णाला त्या क्षणी वाटलं, एवढ्या प्रदर्शनांत कोणी आपल्याला असं काही म्हटलं नव्हतं. तो मनातून सुखावला. सुखावला म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही, माणूसच होता तो.

आखितीच्या दिवशी सकाळी मनकर्णाने ओसरीवरच्या खोलीत गव्हाची रास मांडली. राधाकृष्णाने स्वतःच्या हाताने केळी भरली. “आबा, पानी घ्या,” म्हणाला. भारतीने पुरणाचा स्वयंपाक केला, आमरस केला. ऊन चढलं. मनकर्णा चुलीपासून उठून येऊन केळीच्या पोटाला हात लावून परत जायची. बारा वाजले, ऊन डोक्यावरून कललं. बाहेर पत्रे तडतडत होते आणि केळी आपली कोरडी ठाक. आतलं पाणी काठोकाठ तसंच.

राधाकृष्णाने जवळ जाऊन नखाने केळीचं अंग खरवडलं. त्याला एका क्षणात सगळं कळलं, गारगोटी, साय, गाळलेली माती, सगळं. ही केळी आज पाझरणार नव्हती, उद्याही नव्हती. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ती भारतीला सांगत होती, “तापात पानी पानी करत गेले गं. मी चमच्यानं पाजत हुते, पन घशाखाली उतरंना.” हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने इकडेतिकडे बघितलं. आंबा बाजूला करून बोटं केळीत बुडवली आणि ओल्या हाताने केळीचं पोट पुसून काढलं. आणखी एकदा बुडवली, खालच्या गव्हांवर पाणी निथळू दिलं. मग आंबा जागेवर ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

थोड्या वेळाने आई आली. तिने हात लावला. मग दुसराही हात लावला. खाली वाकून गहू चाचपले. “प्याले,” ती म्हणाली आणि तिथेच बसून ढसाढसा रडली. “राधाकिसना, प्याले रे तुझे आबा. तुझ्या हातचं प्याले.” बन्सी गेल्यापासून ती पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवली. रसात पोळी बुडवून, दुसऱ्यांदा रस मागून घेऊन जेवली. भारती सासूकडे बघून हसत होती. राधाकृष्णाचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

दिवस कलताना कडूबाई आली. उंबऱ्याशी उभी राहूनच म्हणाली, “मनकर्णा, तुझी पाझरली का गं?”

“पाझरली की. दुपारीच. ये, बस.”

कडूबाई मटकन खाली बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, ओठ वाळून गेले होते. “माझी कोरडीच हाय,” ती म्हणाली. “कितींदा हात लावून बघितला. सचिननं तोंडच लावलं न्हाई पान्याला. रुसला गं माझ्यावर. औंदा न्हाई जायचं आई, म्हनत हुता तोडीला. म्याच लावला. म्हनलं, घरी बसून काय करतो. आता येऊन बसला आसंल दारात आन् पानी बी घेईना माझ्या हातचं.”

मनकर्णा तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. “येईल गं, पिईल. पोराची जात, दम खा जरा.”

“न्हाई पेनार आता. दीस चालला.”

राधाकृष्ण दाराशी उभा होता. गप्प बसणं किती सोपं होतं. आपल्या आईचं समाधान झालं होतं आणि दुसऱ्याची आई रडून रडून घरी गेली असती. गावात रडणाऱ्या बाया काय कमी असतात? पण त्या म्हातारीने केळी गालाला लावलेली त्याने बघितली होती. त्याच्याने राहवेना.

“कडूकाकू, सचिन रुसला न्हाई,” तो म्हणाला. “केळीच पाझरत न्हाई. चूक माझ्या हातची हाय. घोटून घोटून मी तिचं अंग बुजवलं.”

कडूबाईने मान हलवली. “उगं समजूत नको घालू लेकरा. एकाच भट्टीतल्या ना समद्या? मंग तुझ्या आबाची कशी पाझरली?”

त्याने आईकडे बघितलं. तीही त्याच्याकडेच बघत होती. अजून एक थाप मारता आली असती. जाड झाली असंल एखादी, आच लागली असंल जास्त, असं काहीही. पण समोर दोन आया बसल्या होत्या आणि कोणत्या तरी एकीचं पाणी हिरावून घेतल्याशिवाय दुसरीला देता येत नव्हतं. “ती मी वली केली,” तो म्हणाला. “हातानं.”

कडूबाई जरा पुढे सरकली. मग हळूच म्हणाली, “मंग माझा सचिन रुसला न्हाई?”

“न्हाई काकू.”

“खरं?”

“खरं.”

ती पदराने तोंड पुसत उठली. जाताना तिची पावलं आली होती त्यापेक्षा हलकी होती, हे मात्र खरं.

मनकर्णा उठून आतल्या खोलीत गेली. राधाकृष्ण मागोमाग गेला. तिने केळीच्या पोटाला तळहात लावला. दुपारचा ओलावा केव्हाच उडाला होता. ती तशीच वाकून उभी राहिली आणि म्हणाली, “मी जेवले रे. मी पोटभर जेवले.”

“आई.”

“मंग तुझे आबा तान्हेलेच हायेत?”

त्याला खाली बसावंसं वाटलं, तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण तिने विचारलं होतं आणि उत्तर द्यायला हवं होतं. “व्हय,” तो म्हणाला.

गावाने त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायका म्हणाल्या, व्हतं एकांद्या डाव, पोरानं मनापासून केलं हुतं. पुरुष म्हणाले, हे समदं बायकांचं खूळ. नागापूरला उत्तमरावाने त्याला समोर बसवून सांगितलं, “मेलेलं माणूस पाणी पीत नाही, राधाकृष्णा. हे मी तुला सांगायला नको.”

“मला म्हाईत हाय उत्तम,” तो म्हणाला. “पर ते आईला कोन सांगनार?”

उत्तमरावाने तो विषय परत काढला नाही.

रांजणांचं काम थांबलं नाही. राखेचा ग्लेझ तसाच उतरत होता, प्रदर्शनं होत होती, भांडी विकली जात होती. आईही पूर्वीसारखीच बोलायची, त्याच्या आवडीचं करून घालायची. एवढंच की तो काहीही म्हणाला, एसटी चुकली, जेवून आलो, बरं वाटतंय, तरी ती त्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघायची आणि मग “बरं” म्हणायची. आधी ती कधी अशी बघत नव्हती. तो गावाला गेला की ते बघणं चुकवायला लागला, दारात चप्पल काढतानाच मान खाली घालायला लागला.

पुढल्या चैत्रात तो करंजीला छगनकडे गेला. “मला केळी शिकव,” म्हणाला. छगनला लाजल्यासारखं झालं. दादाला काय शिकवायचं? पण राधाकृष्ण चिखलात उतरला. पायाने तुडवला, लीद चाळून घातली. गारगोटी त्याने आणलीच नव्हती. छगनच्याच आव्यात, गोवऱ्यांच्या धुरात केळ्या भाजल्या. निम्म्या काळवंडल्या. त्यातली साधारण दिसणारी एक त्याने घरासाठी निवडली, एक कडूबाईला नेऊन दिली, आणि बाकीच्या छगनने गावात वाटल्या.

आखितीला आईने गव्हाची रास मांडली. या वेळी केळी तिनेच भरली, तो नुसता हात जोडून उभा राहिला. दुपार व्हायच्या आत केळीच्या पोटावर बारीक थेंब धरले. थेंब मोठे झाले, ओघळले, गव्हात उतरले. बघता बघता सारं पोट काळपट ओलं झालं. राधाकृष्णाला हुंदका आला. तो धावत स्वयंपाकघराकडे गेला आणि म्हणाला, “आई, चल. पाझरली.”

मनकर्णा आली. तिने केळीकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे बघितलं.

“तू कवापासून हाईस हितं?” तिने विचारलं.

त्याने दोन्ही हात पुढे केले. कोरडे होते ते. पण कोरडे हात काय, पुसूनही कोरडे होतात.

तिने पदराचं टोक घेतलं आणि केळीचं सगळं पोट नीट पुसून काढलं, एक थेंब ठेवला नाही. खालचे ओले गहू बाजूला सारले, सुपातले नवे कोरडे गहू घातले, केळी पुन्हा मांडली. मग केळीसमोर मांडी घालून बसली.

“राधाकिसना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तू भाईर बस.”

तो बाहेर आला. मागून दार लागलं, आतून कडी बसली. भारती विचारायला आली तेव्हा त्याने मानेनेच तिला परत पाठवलं. ओट्यावर ऊन आलं होतं, सावलीत सरकायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही. शेजारची बाई जाता जाता म्हणाली, “काय दादा, भाईर बसले?” तो “व्हय” म्हणाला. ऊन कललं.

मग आईचं बोलणं ऐकू आलं, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं. “प्या,” ती म्हणत होती. “सावकास प्या. लई तान्ह लागली आसंल.” राधाकृष्णाने कान दिला. पुढचंही सगळं बोलणं बन्सीशीच होतं, राधाकृष्णाचं नाव त्यात कुठे आलं नाही. दार काही उघडलं नाही, आणि त्यानेही वाजवलं नाही.